उकल आणि आघात : रहस्यवाचनाचा एक मराठी पूर्वेतिहास

बंगळूरच्या आग्नेयेस असलेले बेळ्ळंदूर हे मुळात तळ्याकाठचे एक खेडे. बाह्य वर्तुळमार्गालगत संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि देशाच्या सर्व भागांतून आलेल्या नोकरदारांबरोबर मराठी कुटुंबेही तेथे स्थिरावली. या कुटुंबांतील नव्या पिढीच्या पुस्तकांत इंग्रजी मनोविश्लेषणात्मक थरारकादंबरी आढळावी यात नवल नाही. गिलियन फ्लिन यांची ‘गॉन गर्ल’ (२०१२), पॉला हॉकिन्स यांची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१५), अ‍ॅलेक्स मिखाइलिडीस यांची ‘द सायलेंट पेशंट’ (२०१९) ही या प्रकारातील सर्वतोमुखी झालेली नावे. अशा कादंबरीचा साचा आता परिचित आहे. कोणा एकीच्या गतायुष्यात एक जखम असते. ती लपवूनच ती स्त्री आजवर तगलेली असते. कथानक त्या लपवलेल्या गोष्टीभोवती फिरत राहते आणि अखेरच्या काही पृष्ठांत ती गोष्ट उघडी पडते. उघडी पडण्याच्या त्या क्षणासाठीच वाचक जागरण करतो.

हा प्रकार मराठीला परका आहे आणि मराठीत रहस्यकथा आहे ती केवळ गुप्तहेरांची, चोरांची वा भुतांची, असा समज अभ्यासकांतही दिसतो. साच्यापुरता तो खराही आहे. परंतु या साच्याच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे एखाद्याचे गुपित उघड करण्याचा अधिकार कोणाचा आणि ते उघड झाल्यावर त्या माणसाचे काय होते, हा प्रश्न मराठी लेखनाने फार पूर्वी विचारलेला आहे. तो विचारला गेला तो रहस्यकथेत नव्हे. एका निबंधात आणि एका नाटकात तो विचारला गेला, आणि शेजारच्या कन्नड भाषेत एका कादंबरीत. रहस्यकथेच्या इतिहासात या तिघांना सहसा स्थान मिळत नाही.

रहस्यकथेने मराठी वाचकाला काय शिकवले, हे आधी पाहणे सोयीचे होईल. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून ‘कालिकामूर्ती’सारख्या कथा रचल्या, तेव्हा भुयारे, वेषांतर आणि कारस्थाने यांची गोडी वाचकाला लागली. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा काळापहाड आणि झुंजार गावोगावच्या वाचनालयांतून घरोघर पोचले. अर्नाळकरांकडे पाहण्याची विद्यापीठीय तुच्छता आता ओसरली आहे, आणि ते योग्यच झाले. वाचनाची सवय लावणारा लेखक हा वाङ्मयेतिहासाचा मोठा दुवा असतो. मात्र ती सवय कोणती, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. अशा कथेत गुपित हे नेहमी अपराध्याचे असते. ते फोडणारा नायक असतो. गुपित फुटले की जगाची घडी पूर्ववत बसते. गुपित अपराध्याचे नसून जखमी माणसाचे असेल, तर ते फोडणाऱ्याला काय म्हणावे, हा प्रश्न त्या चौकटीत उद्भवतच नाही.

पाश्चात्त्य वाङ्मयात हा प्रश्न लवकर डोकावला होता. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) मध्ये हिरा काढून नेणारा माणूस तो चोर शोधण्यासाठी सर्वांत अधिक धडपडतो. अफूच्या अंमलाखाली आपण काय केले याची त्याला स्वतःलाच जाणीव नसते. माणूस स्वतःपासूनही गुपित राखू शकतो, हे रहस्यकथेला मानसशास्त्राच्या आधी उमगले होते असे म्हणण्यास जागा आहे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा उन्मादावरील अभ्यास प्रसिद्ध झाला तो १८९५ साली. रुग्णाच्या आठवणीतून लक्षणांच्या उगमापर्यंत जाण्याची त्यांची पद्धत गुप्तहेराच्या पद्धतीहून फार दूरची नव्हती. फ्रॉइडने १८९७ च्या सप्टेंबरात फ्लीसला लिहिलेल्या पत्रात मात्र, बालपणी झालेल्या अत्याचाराच्या ज्या आठवणींवर त्याने आपला सिद्धान्त उभारला होता, त्याच सिद्धान्तावरचा विश्वास उडाल्याचे कळवले. साक्ष ऐकून घेणाऱ्यानेच साक्षीवर संशय घेण्याचा हा प्रसंग पुढील शतकभर वादाचा विषय झाला.

मराठीत या प्रश्नाचे मूळ खऱ्याखुऱ्या न्यायालयात आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयात अपील झाल्यावर ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली आणि नंतर पाच वर्षांपर्यंत कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांनी हे प्रकरण चघळले. ‘पुणेवैभव’ने तर या निमित्ताने नव्या वळणाच्या स्त्रियांच्या शीलावरच कोरडे ओढले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला व तो १८८२ साली पुण्यात छापला गेला. १८८५ च्या ‘सत्सारा’त जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. पुढे मात्र हे पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत त्याची चर्चा जवळजवळ नव्हती.

ताराबाईंच्या निबंधाकडे स्त्रीवादी लेखनाचा आरंभ म्हणून पाहिले जाते आणि ते यथार्थ आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट वेगळी काढून पाहण्याजोगी वाटते. खटल्याच्या वृत्तान्ताचे वाचन कसे करावे, याचा तो एक वस्तुपाठ आहे. वर्तमानपत्र वाचणारा सामान्य वाचक ‘हिने काय लपवले’ एवढेच विचारतो. ताराबाई विचारतात ते, हिला लपवणे भाग कोणी पाडले आणि तो पुरुष या खटल्यात कोठे आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३१८ व्या कलमाने मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवणे हाच स्वतंत्र अपराध ठरवला होता. हत्या सिद्ध होवो वा न होवो, लपवणे हेच शिक्षेला पुरेसे होते. फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्यामागची दृष्टी नेमकी याच्या उलट होती. तेथे विधवेला गुपचूप येऊन बाळंत होता येत होते. गुपिताला शिक्षा देण्याऐवजी फुल्यांनी त्याला छप्पर दिले, असे म्हणता येईल.

सुरतेच्या खटल्यानंतर सुमारे शहाऐंशी वर्षांनी, १९६७ मध्ये, ‘रंगायन’ने विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. या नाटकाविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात आणखी भर घालताना संकोच व्हावा. तरीही त्याची रचना थराराची आहे, ही साधी बाब त्या चर्चेत मागे पडलेली दिसते. एक हौशी नाट्यमंडळ खेड्यातल्या सभागृहात येते. रात्रीच्या प्रयोगात अण्वस्त्रांच्या संदर्भात अमेरिकेच्या अध्यक्षांवर अभिरूप खटला चालायचा असतो. मधला वेळ जावा म्हणून सरावादाखल एक लुटुपुटीचा खटला खेळण्याचे ठरते, आणि बेणारे हातपाय धुवायला आत गेली असताना तिलाच आरोपी करायचे, हे बाकीचे परस्पर ठरवतात. आरोप भ्रूणहत्येचा. प्रारंभी सारे हसतखेळत चालते. मग एकेक साक्षीदार येतो, प्रत्येकाजवळ तिच्याबद्दलची थोडीथोडी माहिती असते, आणि ते तुकडे जुळत जातात. दाराची कडी सुरुवातीलाच बेणारेच्या बोटाला लागते. पुढे ती निघून जाऊ पाहते तेव्हा दार बाहेरून लागलेले असते. बंद खोली, तुटक सुगावे, क्रमाक्रमाने आवळत जाणारा फास, आणि शेवटी उघडे पडणारे गुपित : रहस्यकथेचे एकही उपकरण तेंडुलकरांनी वगळलेले नाही.

ही उपकरणे त्यांनी उलटी धरली, यात त्यांचे सामर्थ्य आहे. येथे उकल करणारेच अत्याचारी आहेत. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे ही मंडळी प्रत्यक्ष आयुष्यात अपयशी, दुबळी, उपहासास पात्र माणसे. सुखात्म्यांची वकिली चालत नाही, रोकडे काशीकरांच्या आश्रयाने जगतो. गुप्तहेराच्या आसनावर बसण्याची संधी मिळताच ती एकाएकी थोर होतात. बेणारेचे दामल्यांशी असलेले संबंध, पोटातले मूल, लग्नासाठी इतरांना घातलेली गळ, आणि त्याहून मागे किशोरवयात मामाकडून झालेली फसवणूक व त्यानंतरचा आत्महत्येचा प्रयत्न, हे सारे ते एकामागून एक टेबलावर मांडतात. प्रेक्षकही यात अलिप्त राहत नाही. पुढे काय निघणार याची उत्सुकता त्यालाही असते, आणि ती उत्सुकता हीच त्या कोर्टाची इंधनशक्ती आहे. प्रा. दामले मात्र नाटकभर येत नाहीत. ताराबाईंनी १८८२ साली ज्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवले होते, ती १९६७ मध्येही रिकामीच आहे.

या नाटकात वाचनाविषयीचाही एक प्रसंग आहे, आणि त्याकडे समीक्षेने द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. सामंत हा त्या गावातला भोळा, मदतीला तत्पर माणूस. त्याला बेणारेविषयी काहीच ठाऊक नसते. साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला उभे केले जाते, तेव्हा तो गडबडतो आणि आपण वाचत असलेल्या एका स्वस्त कादंबरीतला प्रसंग साक्ष म्हणून सांगू लागतो. बंद दाराआडून ऐकू आलेले स्त्री-पुरुषांचे बोलणे, तिची अगतिकता, त्याचा नकार, हे सगळे पुस्तकातले असते. पण ते बेणारेच्या खऱ्या दुःखाशी इतके जुळते की खेळाचा नूर पालटतो. सामंताच्या ठायी दुष्टपणाचा लवलेश नाही. त्याला रहस्य वाचायला आवडते, इतकेच. रंजनासाठी लिहिलेल्या साच्यातल्या स्त्रीचे दुःख आणि समोर बसलेल्या स्त्रीचे दुःख यांतील अंतर त्याला दिसत नाही, आणि ते न दिसल्याने तो साऱ्या क्रूर साक्षीदारांहून अधिक घातक साक्ष देऊन जातो. मराठी नाटकात कादंबरीवाचकावर इतके बारीक, इतके अस्वस्थ करणारे भाष्य क्वचितच झाले असेल.

शेवटी न्यायाधीश काशीकर निकाल देतात. आरोपीला जगू दिले जाईल, तिच्या गर्भातले मूल मात्र नष्ट केले जावे. ज्या अपराधाच्या आरोपाने खटला उभा राहिला, तीच गोष्ट शिक्षा म्हणून फर्मावली जाते, हा विरोधाभास अनेकांनी दाखवलेला आहे. त्यात एक कायदेशीर पदरही आहे. गर्भपाताला मर्यादित मान्यता देणारा वैद्यकीय गर्भसमापन अधिनियम आला तो १९७१ मध्ये. १९६७ च्या प्रेक्षकासमोर काशीकरांचे न्यायालय जी शिक्षा देत होते, ती दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमाखाली स्त्रीचा जीव वाचवण्याव्यतिरिक्तच्या कोणत्याही कारणासाठी गुन्हाच होती. नीतीच्या रक्षणासाठी बसलेले कोर्ट गुन्ह्याचा आदेश देऊन उठते, आणि सभागृहात कोणाच्या हे ध्यानातही येत नाही.

निकालापूर्वी आरोपीला बोलण्यासाठी काही सेकंदांची मुदत मिळते. ती गप्प राहते. मग इतर पात्रे जागच्या जागी थिजतात आणि बेणारेचे दीर्घ स्वगत होते. हे स्वगत नाट्यदृष्ट्या अतिरिक्त आहे, प्रेक्षकाची सहानुभूती मिळवण्यासाठी ते घातले आहे, असा आक्षेप घेणारे जाणकार आहेत. त्या आक्षेपाशी सहमत होणे कठीण आहे. रहस्यकथेतील कबुलीजबाब हा नेहमी शोध घेणाऱ्याला दिलेला असतो. बेणारेचा जबाब कोर्टापैकी कोणीही ऐकत नाही. तिचे गुपित सर्वांना कळलेले आहे आणि तिची गोष्ट कोणालाच कळलेली नाही. गुपित आणि गोष्ट यांतील हा भेद दाखवण्यासाठी घड्याळ थांबवणे अपरिहार्य होते.

याच सुमारास दक्षिणेकडे, कन्नडमध्ये, त्रिवेणी या नावाने लिहिणाऱ्या अनसूया शंकर यांनी हाच प्रश्न वेगळ्या दिशेने मांडलेला होता. त्रिवेणी मानसशास्त्राच्या पदवीधर होत्या. १९६३ साली त्या वारल्या तेव्हा त्यांचे वय अवघे पस्तिशीच्या घरात होते. त्यांच्या ‘शरपंजर’ या कादंबरीवरून पुट्टण्णा कणगाल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी काढलेला चित्रपट कर्नाटकात घरोघर पोचला. कावेरीची भूमिका कल्पना यांनी केली होती. कावेरी ही सुखवस्तू घरातली गृहिणी. बाळंतपणानंतर तिला वेडाचा झटका येतो, आणि त्या भ्रमात विवाहापूर्वीच्या एका प्रसंगाविषयी ती बरळून जाते. उपचारांनी ती पूर्ण बरी होऊन घरी परतते. परंतु घर आणि शेजार तिचे बरे होणे मान्य करीत नाहीत. तिच्या हसण्यात, रागात, अगदी साध्या बोलण्यातही लोक वेड शोधत राहतात. पती दुसरीकडे गुंतलेला असतो; त्याच्या वर्तनाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. अखेर कावेरीला पुन्हा रुग्णालयाचाच आसरा उरतो.

शीर्षकाचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही. शरपंजरी पडलेले भीष्म मेलेले नाहीत, आणि त्यांना उठताही येत नाही. येथे कोर्ट नाही, वकील नाही, कडी लावलेले दार नाही. गुपित तिच्याच तोंडून, तिच्या इच्छेविरुद्ध, आजारपणात बाहेर पडले आहे. भ्रमात उच्चारलेला एक शब्द तेवढा सर्वांनी जपून ठेवला, तिचा आजार बरा झाला ही गोष्ट मात्र सगळे विसरले. बेणारेला उकल करणाऱ्यांनी घेरले, तर कावेरीला ऐकून ठेवणाऱ्यांनी.

बंगळूर शहराचा या कथेशी असलेला संबंध योगायोगाचा नव्हे. तेथील सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि १९७४ मध्ये दोहोंचे एकत्रीकरण होऊन ‘निम्हान्स’ ही राष्ट्रीय संस्था आकारास आली. मनाचे आजार बरे होऊ शकतात, हा विचार ज्या शहरात संस्थारूप घेत होता, त्याच प्रदेशातील लेखिकेने बऱ्या झालेल्या बाईला परत घेण्याची समाजाची तयारी आहे काय, असे विचारले. आघातोत्तर तणाव-विकाराला अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात स्थान मिळाले ते १९८० साली. ज्यूडिथ हर्मन यांचा ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ हा ग्रंथ १९९२ चा. हर्मन यांनी बरे होण्याच्या वाटचालीत सुरक्षिततेला पहिले स्थान दिले आणि स्मरणाला त्यानंतरचे. काय सांगायचे, केव्हा आणि कोणाला, याची सूत्रे जखमी व्यक्तीच्या हाती असली पाहिजेत, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. ‘शांतता!’ आणि ‘शरपंजर’ या कृती त्या सूत्राच्या अभावाची चित्रे आहेत आणि दोन्ही त्या ग्रंथाच्या बऱ्याच आधीच्या आहेत.

मराठीतील पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’मध्ये वाड्यातले वेड पिढ्यान्‌पिढ्या झिरपत येते आणि केशवपन झालेली मावशी त्या वाड्याचे मूक गुपित होऊन वावरते. रत्नाकर मतकरी यांनी गूढकथेला चाळीत आणि सदनिकेत आणले. त्यांच्या कथांतले भय नारायण धारपांच्या कथांप्रमाणे बाहेरून येत नाही, ते बहुधा ओळखीच्या माणसाच्या मनातून निघते. तथापि मतकरींच्या गूढकथेचा शेवटचा धक्का वाचकासाठी राखलेला असतो, आणि त्या धक्क्यानंतर पात्राचे काय होते याकडे वळून पाहण्यास कथा थांबत नाही. हा त्यांच्या प्रतिभेचा दोष नसून आकृतिबंधाची मर्यादा आहे. आजच्या इंग्रजी थरारकादंबरीलाही तीच मर्यादा आहे. ‘द सायलेंट पेशंट’मधील नायिका बोलणे सोडून देते आणि तिला बोलते करण्याचा ध्यास घेतलेला मानसोपचारक कथा सांगतो. त्याचा हा ध्यास कितपत निर्मळ आहे, हा प्रश्न कादंबरी अगदी अखेरीस उपस्थित करते आणि लगेच संपते. तेंडुलकरांचे नाटक त्या प्रश्नापाशी पहिल्या अंकाच्या शेवटीच पोचलेले असते.

बेळ्ळंदूरच्या वाचकाच्या एका बाजूला त्रिवेणींचे कन्नड आहे आणि दुसऱ्या बाजूला ताराबाई व तेंडुलकरांचे मराठी. मधल्या जागेत तो इंग्रजी पुस्तक घेऊन बसलेला आहे. ते पुस्तक त्याने ठेवून द्यावे असे सुचवण्याचे कारण नाही. सामंतानेही कादंबरी वाचली यात काही गैर नव्हते. नाटकाच्या शेवटी बाहेरून दार उघडले जाते, प्रयोगासाठी माणसे जमू लागतात, मंडळी भानावर येऊन तयारीला लागते आणि बेणारेला म्हणतात, तो तर खेळ होता. ती निश्चल पडून असते. सामंताने पुतण्यासाठी आणलेला हिरव्या कापडाचा पोपट त्याच्याजवळ असतो. तिच्याशी काय बोलावे हे त्याला सुचत नाही. तो पोपट तो हळूच तिच्याजवळ ठेवतो आणि मागे सरतो.